क्रियापदाची जागा

७ डिसेंबर १९७५

काल सभा झाली नाही. जिंतूरहून फौजदार आला आणि आणीबाणी आहे, लाऊडस्पीकर लावायचा नाही, गर्दी जमवायची नाही, असं सांगून गेला. आम्ही मेणबत्त्या लावल्या, वंदना म्हटली आणि घरी आलो. इतक्या वर्षांत सहा डिसेंबरला मी पहिल्यांदाच गप्प बसलो. पाठ केलेलं भाषण घशात तसंच अडकून आहे. रात्री झोप आली नाही.

दुपारी सटवाजी आला. विहिरींच्या कामावर सुरुंग लावतो, त्यामुळे कानानं कमी आणि बोलणं मोठ्यानं. त्याची थोरली सत्यशीला मॅट्रिकला फक्त इंग्रजीत राहिली.

"पंडितराव, मार्चात आखरीचं बसू द्यायलोय तिला. पास झाली तर परभणीला नर्सिंगला जाऊ द्या. न्हाई झाली तर गंगाखेडची सोयरीक हाय. बिजवर हाय, पण दोन एकर पाण्याखालची हाय."

"तिला विचारलंस का?"

"तिनंच तर म्हटलं, पंडितमामाला विचारा."

मी म्हणालो, ती पास होईल. सभेत शब्द देतो तसा दिला. आता बोलायला बंदी आहे, तर शिकवायला कोण बंदी घालतो बघू. इंग्रजी ही आपल्या पोरांच्या वाटेतली शेवटची भिंत आहे. ती फोडलीच पाहिजे.

१२ डिसेंबर

वस्ती आणि गावाच्या मध्ये आश्रुबाच्या बापाचं खळं आहे. सारवलेलं, गोल, मोकळं. ज्वारी यायला अवकाश आहे. म्हातारा म्हणाला, "घ्या की शाळा. आमचं बी एक येडं, आश्रुबा, इंग्रजीत गेलंय, त्येला बी हाणा." पोरांना दिवसा मजुरी असते, म्हणून वर्ग उजाडायच्या आत भरतो. चपला बाहेर काढायच्या, एवढीच म्हाताऱ्याची अट.

शब्दांच्या जाती! पहिल्याच दिवशी हा मथळा उच्चारताना माझं डोकं तापलं. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद. इथंही जाती? मग मी पोरांना सांगितलं: नीट ऐका. इंग्रजीत शब्दाची जात जन्मानं ठरत नाही. 'वॉटर' म्हणजे पाणी, तेव्हा ते नाम. तोच 'वॉटर' झाडाला घालायचं काम करू लागला की क्रियापद. वाक्यात काम काय करतोस, ते सांग. बाप कोण ते सांगू नकोस. चंद्रभाननं टाळी वाजवली. हा आमचा जुना कार्यकर्ता, दुसऱ्यांदा बसतोय.

पण एक गोष्ट मराठीपेक्षा वेगळी. आपल्याकडे शब्द कुठंही उभा राहिला तरी प्रत्ययावरून ओळखू येतो. 'कुत्र्यानं माणसाला' म्हणा की 'माणसाला कुत्र्यानं', चावणार कुत्राच. इंग्रजीत तसे प्रत्यय नाहीत. तिथं जागा हीच ओळख. जागा हलली की माणूस कुत्र्याला चावतो. म्हणून मी पोरांनाच शब्द केलं. सत्यशीला कर्ता, चंद्रभान कर्म, आश्रुबा विशेषण. एका रांगेत उभं राहायचं आणि आपापला शब्द मोठ्यानं म्हणायचा.

"मी विशेषण का, मास्तर?" आश्रुबानं विचारलं.

"तुझं काही अडत नाही म्हणून. तू गळालास तरी वाक्य उभं राहतं."

"आमच्या घरी बी आसंच म्हणत्यात."

क्रियापद व्हायला कुणी तयार होईना, कारण त्याला काळाप्रमाणे बदलावं लागतं. तेव्हा पंचफुला पुढं आली. सत्यशीलाची धाकटी. सातवीतून शाळा सुटली, परीक्षेला बसायची नाही. अंधारात थोरलीला सोबत म्हणून येते.

"मी व्हते क्रियापद. ह्यायला उभं राहायचं कळतंय, करायचं कळत न्हाई."

१९ डिसेंबर

पंचफुलानं वर्ग डोक्यावर घेतला आहे. शब्द नुसता म्हणत नाही, करते. 'ड्रिंक्स' म्हणताना घटाघटा पिते, 'कट्स' म्हणताना विळा ओढते. आपली पाळी आली की दोन्ही पाय जोडून उडी मारते आणि टाचांवर धप्पकन येते. खळ्यात तेवढ्या जागी दोन खळगे पडलेत. म्हातारा ओरडला. ती म्हणाली, "आजा, सारवून देते की."

तिच्यामुळे सत्यशीलाची भीती गेली. ती 'माय मदर' म्हणते, धाकटी 'ब्रिंग्ज' म्हणून उडते, आश्रुबा 'कोल्ड', चंद्रभान 'वॉटर'. धुक्यात चेहरे दिसत नाहीत. नुसते आवाज रांगेनं येतात आणि वाक्य पुरं होतं. माझ्या कुठल्याही भाषणाइतकं समाधान वाटतं.

७ जानेवारी १९७६

पंचफुला गेली. तीन दिवस ताप होता, डोक्यात गेला. गाडी जुंपून बोरीला नेली, पण जिंतूरची बस यायच्या आधीच फाट्यावर जीव गेला. सत्यशीलाच्या मांडीवर डोकं होतं. मी सोबत होतो. मी, शब्दांचा व्यापारी, एक शब्द बोलू शकलो नाही.

९ जानेवारी

आज बोललो. नको तिथं बोललो की काय, असं वाटतंय.

सुलाबाई, पोरींची आई, ओसरीत पीठ पसरायला निघाली होती. जुना रिवाज आहे. गेलेलं माणूस जिथं निजायचं तिथं पीठ पसरायचं, वर वेताची पाटी पालथी घालायची, शेजारी दिवा ठेवायचा. सकाळी पिठावर पाऊल उमटलं का ते बघायचं. मी दारात उभा राहून सगळी वस्ती ऐकेल असा बोललो. दीक्षा घेताना आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्या कशासाठी? पिठात पाऊल शोधणारी माणसं पुस्तकात काय शोधणार? पीठ भाकरीसाठी असतं!

ती म्हणाली, "दादा, एवढंच बघू द्या. गेली का ऱ्हायली, एवढंच."

"राहत नसतं कुणी, सुलाबाई."

तिनं ओंजळीतलं पीठ परत डब्यात टाकलं. सटवाजी खाली बघत होता. मी जिंकलो. जिंकल्यावर घरी चालत येताना पाय इतके जड होतात, हे माहीत नव्हतं.

१६ जानेवारी

वर्ग पुन्हा सुरू केला. परीक्षा कुणासाठी थांबत नाही.

सत्यशीला आली, आपल्या जागी उभी राहिली. 'माय मदर' म्हणाली. मग सगळे थांबले. एक शब्द म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढाच. मग आश्रुबा 'कोल्ड' म्हणाला, चंद्रभान 'वॉटर'. कुणी कुणाला खूण केली नव्हती. मी सांगितलं, अंतर मिटवा, आणि चंद्रभान, क्रियापद तू म्हण. दोघं पुढं सरकले. पुढच्या वाक्याला बघतो तर पुन्हा होते तिथंच. "आमी हललोच न्हाई मास्तर," आश्रुबा म्हणाला. या वेळी विनोद नव्हता.

सत्यशीलाची वही तपासली. प्रत्येक वाक्यात कर्ता आहे, कर्म आहे, मध्ये मोकळी जागा.

"क्रियापद कुठंय? पेपरात असं लिहिलंस तर शून्य मिळेल. लिही."

"लिवलंय की मामा," सत्यशीला म्हणाली आणि रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

तिच्या डोळ्यांत लबाडी नव्हती. तिला दिसत होतं.

२३ जानेवारी

आज ठरवून चंद्रभानला त्या जागेवर उभं केलं. तरणाताठा गडी, कबड्डीत चार जणांना ओढत आणणारा. तिथं पाय ठेवला आणि लगेच काढला.

"मास्तर, मला हितं नका उभं करू. जागा भरल्याली हाय."

"काय भरली आहे? हवा?"

"तुमी उभं ऱ्हा की."

उभा राहिलो. सारवण बाकीच्या खळ्यापेक्षा गार लागलं, एवढं मान्य करतो. सत्यशीलानं 'माय मदर' म्हटलं. मी तोंड उघडलं. 'ब्रिंग्ज' म्हणायचं होतं. आवाज आला नाही. ज्या गळ्यानं परभणीच्या मैदानात माईक बंद पडल्यावर शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोचवले, त्या गळ्यातून श्वासही निघेना. पोरं वाट बघत राहिली. मग माझ्या तोंडासमोरच, जणू शब्द येऊन गेला आहे अशा थाटात, आश्रुबा 'कोल्ड' म्हणाला.

थंडीनं घसा बसला. दुसरं कारण असू शकत नाही. काढा घेतला. बाजूला झाल्यावर आवाज लगेच मोकळा झाला, हेही इथं नोंदवून ठेवतो. खोटं लिहायचं असेल तर दैनंदिनी कशाला?

३० जानेवारी

भीतीवर उपाय एकच, गोष्ट उजेडात आणणं. कबड्डीच्या मैदानावर आखायला आणलेली चुन्याची फक्की तरुण मंडळाच्या खोलीत पडून होती. दिवस मावळायच्या आत ती खळ्यावर नेली. प्रत्येक शब्दाच्या जागेला गोल आखला. क्रियापदाच्या जागेवर तर मूठमूठ पसरून सगळा गोल पांढरा भरला. पोरांना कळू दे, ही जागा इतर जागांसारखीच आहे. वाऱ्यानं उडू नये म्हणून आश्रुबाच्या बापाची पाटी तिथं पडली होती ती पालथी घातली. सकाळी सगळ्यांसमोर उचलायची आणि एकेकाला तिथं उभं करायचं, असा बेत आहे.

३१ जानेवारी

माझ्या आधी सुलाबाई खळ्यावर होती. पालथ्या पाटीपाशी उकिडवी बसलेली, शेजारी दिवा लावलेला. मला बघून उठली आणि माझ्या पायाला हात लावला.

"दादा, तुमी केलंत. लोकायच्या देखत न्हाई म्हणलात, पर केलंत."

मला क्षणभर काही समजेना. मग समजलं. पांढरं पसरलेलं. वर पाटी. ज्याच्यासाठी मी या बाईला तिच्या दारात गप्प केलं, ते मी स्वतःच्या हातांनी, रीतीनं करून ठेवलं होतं. मी म्हणालो, "सुलाबाई, ही फक्की आहे. कबड्डीची."

"असू द्या की," ती म्हणाली आणि पाटी उचलली.

फक्कीत दोन अर्धे गोल होते, जोडून. पाटी ठेवताना काठ टेकला असेल. सुलाबाईनं दिवा खाली धरला. बराच वेळ बघितलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी नाव देऊ शकत नाही. रडणं नव्हतं.

"उडी मारल्याली हाय," ती हळूच म्हणाली. "ऱ्हायली."

एवढ्यात पोरं आली. कुणी काही विचारलं नाही. आपापल्या गोलात उभी राहिली. 'माय मदर', सत्यशीला म्हणाली. 'ब्रिंग्ज'. 'कोल्ड'. 'वॉटर'.

वाक्य पुरं झालं. मधला शब्द कुणी म्हटला, मी विचारलं. आश्रुबा म्हणतो चंद्रभाननं, चंद्रभान म्हणतो आश्रुबानं. धुकं दाट होतं.

फक्की म्हणजे पीठ नव्हे. हे मी आज स्वतःला बऱ्याच वेळा सांगितलं.

९ फेब्रुवारी

सत्यशीलाची वही आता पूर्ण वाक्यांनी भरली आहे. काळ बरोबर, कर्त्याप्रमाणे क्रियापद बरोबर. एकच खोड लागली आहे. क्रियापद मोठं, वाकडं, पेन्सिल दाबून काढते. बाकीची अक्षरं तिची सुबक आणि मधलं एक सातवीतल्या पोरीनं लिहावं तसं. मी म्हणालो, पेपरात असं चालणार नाही, परीक्षकाला वाटेल दोघींनी लिहिलंय. ती नुसती हसली. घाईमुळे होत असेल.

ती पास होईल. सटवाजीला तसं सांगून आलो. "काय?" म्हणाला. पुन्हा सांगितलं. त्यानं ऐकलं होतं, दुसऱ्यांदा ऐकायचं होतं.

२२ फेब्रुवारी

ज्वारी आली. वर्ग विहारात हलवला. खळ्यावर मळणी चालू आहे.

आश्रुबा सांगत होता, "बैल तेवढ्या जागी येऊन थांबायलेत मास्तर. बापानं आसूड उगारला, तरी न्हाई. सर्जा तर माघारी फिरला. मग बापानंच बैल आतून घ्यायला सांगितलं. तेवढ्या जागची कणसं तशीच ऱ्हायली."

"तुझा बाप देवभोळा आहे."

"बाप म्हणला, लेकराची जागा हाय, ऱ्हाऊ द्या."

 मला त्याहून वाईट गोष्ट सांगायची होती आणि ती पोरांना सांगता येत नव्हती. विहारात आल्यापासून सत्यशीलाच्या वहीतली जागा पुन्हा रिकामी आहे.

११ मार्च

परीक्षा तोंडावर आली. पेपर जिंतूरला, खळ्यावर नव्हे. ती 'माय फादर' लिहिते, जागा सोडते, 'अ वेल' लिहिते. मी ओरडलो, समजावलं, हाताला धरून लिहवलं. हात क्रियापदापाशी आला की मेलेल्या माणसाचा हात धरल्यासारखा होतो.

आज ती म्हणाली, "मामा, ती हितं येत न्हाई. तिला खळं सोडून ठावं न्हाई."

"ती नाही, सत्यशीला. नाहीच."

"मग मला परीक्षेला कशाला नेता?"

सटवाजीनं गंगाखेडच्या पाहुण्यांना पाडव्यानंतर यायला सांगितलं आहे. मी शब्द दिला होता. आयुष्यात शब्दच दिले मी, दुसरं देण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं.

१४ मार्च

टळटळीत दुपारी खळ्यावर गेलो. मळणी संपली आहे, चिटपाखरू नव्हतं. तेवढ्या जागेत कणसं पडून होती, त्यांना पाखरंही शिवलेली नाहीत. मी काठावर उभा राहिलो. चपला काढल्या.

केवळ प्रयोग म्हणून बोललो. मराठवाड्यातल्या किती व्यासपीठांवर उभा राहिलो, पण असा श्रोता कधी मिळाला नव्हता. म्हणालो, पंचफुला, लेकी, मंगळवारी जिंतूरला पेपर आहे. शाळा बसस्टँडच्या मागं आहे. बोरी फाट्यावरून सकाळी बस निघते. तुला फाटा आवडत नसेल, मला ठाऊक आहे. पण बहिणीसाठी ये. एवढा एकच दिवस ये.

कणसं हलली नाहीत. वारा नव्हताच. परत फिरताना पाठीमागं धप्प असा आवाज झाला. ढेकूळ पडलं असेल. मी वळून बघितलं नाही. 

१६ मार्च

जिंतूरहून आत्ताच आलो. लगेच लिहून ठेवतो.

बसमध्ये मी, सुलाबाई आणि सत्यशीला. फाट्यावर बस थांबली तेव्हा सुलाबाई सरकून बसली आणि बाकावर जागा केली. चढलं कुणीच नाही. कंडक्टरनं घंटी मारली. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

पेपर चालू असताना आम्ही शाळेच्या भिंतीलगत लिंबाखाली बसलो. सुलाबाईनं पाण्याच्या घोटालाही तोंड लावलं नाही. घंटा झाली, पोरं बाहेर आली, आश्रुबा आला, चंद्रभान आला. सत्यशीला सगळ्यांच्या शेवटी आली. चालत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"कसा गेला?"

"मामा, मी थांबले. लय वेळ थांबले. बाजूच्या पोरायनं पुरवण्या मागितल्या तरी मी पहिल्याच वाक्यावर. जागा सोडली आणि वाट बघितली."

"मग?"

"कुणी आलं न्हाई."

 आणि मी, ज्यानं आयुष्यभर भूत, पिशाच्च, देव, दैव यांच्यावर तोफा डागल्या, त्या माझ्या तोंडून शब्द निघून गेले:

"बस चुकली असेल तिची."

सत्यशीलानं माझ्याकडं बघितलं. मग तिला हुंदका फुटला. फाट्यावर रडली नव्हती, मातीच्या वेळी रडली नव्हती, ती भर रस्त्यात आईच्या गळ्यात पडून ओरडून रडली. येणारे-जाणारे थांबले. त्यांना वाटलं, पेपर अवघड गेला.

बऱ्याच वेळानं नाक पुसत म्हणाली, "मग मीच लिवलं. सगळी क्रियापदं माझी मीच लिवली."

२४ जून

निकाल लागला. सत्यशीला पास. इंग्रजीत काठावर, पण पास. चंद्रभानही सुटला. आश्रुबा पुन्हा राहिला. म्हणतो, "मास्तर, तुमीच म्हणलता, विशेषण गळालं तरी वाक्य उभं ऱ्हातं."

सटवाजीनं गंगाखेडला नकार कळवला. सत्यशीला आज परभणीला गेली. जाताना खळ्यावर गेली नाही. "तिला तिथंच राहू द्या मामा," म्हणाली. मी चूक सुधारली नाही तिची.

१ जुलै

नवा वर्ग भरून चार दिवस झाले. यंदा आश्रुबाच्या बापानं पेरणीसाठी खळं नांगरून मोडलं नाही. विचारलं तर म्हणाला, "एवढ्या तुकड्यात काय पिकणार हाय?"

पहिल्या दिवशी मी पोरांना रांगेत उभं केलं. रुख्मिणी म्हणून एक पोरगी नवीन आहे, चटपटीत. ती क्रियापदाच्या जागेकडं निघाली आणि मी इतक्या मोठ्यानं ओरडलो की पाखरं उडाली. "तिथं पाय देऊ नकोस!" मग सांगितलं की तिथं जमीन उंचसखल आहे, आणि आपल्या पद्धतीत ती जागा मोकळी ठेवतात. कर्ता आणि कर्म यांच्यामध्ये विद्यार्थ्याला विचार करायला वेळ मिळतो. हे शुद्ध शैक्षणिक कारण आहे. यापलीकडे त्यात काही नाही.

सुलाबाई रोज पहाटे येते आणि खळ्याच्या काठाला बसते. इंग्रजीतलं एक अक्षर तिला कळत नाही. रुख्मिणी कर्ता म्हणते, आम्ही सगळे थांबतो. सुलाबाई त्या जागेकडं बघत असते. मग ती मान हलवते, आणि आम्ही पुढचा शब्द म्हणतो.